हिरव्या कुळातलं क्रियापद: ‘ग्रो’

इंग्रजीत मूल, कर्ज, शहर, संशय, सगळ्यांनाच ‘ग्रो’ चालतं. जुन्या इंग्रजीत मात्र ते मुख्यतः झाडापाल्याचं क्रियापद होतं. ‘ग्रोवान’ म्हणजे पालवणं, फोफावणं. ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ त्याच धातूतले, त्यामुळे हिरवा रंग, गवत आणि वाढ ही इंग्रजीत सख्खी भावंडं ठरतात.

माणूस, चंद्र, सामर्थ्य यांच्या वाढीसाठी तेव्हा ‘वॅक्स’ होतं. (मेणाचा ‘वॅक्स’ निराळा.) जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘वाक्सन’ आजही रोजच्या बोलण्यात आहे, आणि संस्कृतातल्या ‘ओजस्’शीही भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ जोडतात. इतक्या जुन्या घराण्यातल्या शब्दाला मध्ययुगीन इंग्रजीत ‘ग्रो’नं हळूहळू मागे सारलं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये बाळ येशूबद्दलच्या एकाच वाक्यात दोघं शेजारीशेजारी भेटतात: मूल ‘ग्रू’ आणि आत्म्यानं बलवान ‘वॅक्स्ड’. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ‘ग्रो’नं भूतकाळात स्वर बदलण्याची जुनी रीत राखली आहे. ‘वॅक्स’नं मात्र ती सोडून साधा ‘एड’ प्रत्यय घेतलेला दिसतो. आज ‘वॅक्स’ मुख्यतः चंद्राच्या कलांपुरतं उरलं आहे.

‘होत जाणे’ हा अर्थही ‘ग्रो’ला चिकटला. म्हणूनच ‘ग्रो स्मॉलर’ म्हणता येतं. भाषांतर करताना इथे ‘वाढणे’ डोक्यातून काढूनच टाकावं लागतं. एखादी गोष्ट लहान होत जाते, एवढंच म्हणायचं असतं.

खरा वाद कर्मावरून आहे. आधी पीक आपलं आपण ‘ग्रो’ व्हायचं. शेतकरी पीक ‘ग्रो’ करतो हा प्रयोग 18व्या शतकात रुळला. पुढे धंदा आणि अर्थव्यवस्थाही ‘ग्रो’ करता येऊ लागली. 1992 मध्ये बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारातून ‘ग्रो द इकॉनॉमी’ सर्वतोमुखी झालं आणि शैलीचे जाणकार चिडले. कंपनी म्हणजे काही रोप नव्हे, हा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही, कारण पीक ‘ग्रो’ करणंही एकेकाळी असंच नवं होतं. तरी ती अडचण कळते. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ ही रूपंच वेगळी आहेत, त्यामुळे धंदा आपोआप वाढला की कुणी वाढवला हे क्रियापदच सांगतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ग्रो’च, आणि फरक वाक्यातल्या शब्दांच्या जागेवरून ओळखायचा.