‘ऑप्शन फॉरवर्ड’ घेतला म्हणजे ऑप्शन घेतला नव्हे

हिंगणघाट असो, वणी असो की अकोट, जिनिंगवर डॉलरचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: “ऑप्शन घेऊन ठेवला हाये ना भाऊ, माल नाही गेला तं काय बिघडते?” कागद काढून पाहिला, तर दहातल्या नऊ वेळा तो ऑप्शन नसतोच. तो असतो ऑप्शन फॉरवर्ड. आणि माल गेला नाही तर बिघडतं, चांगलं लाख-दीड लाखानं बिघडतं. बँकेतला माणूसही घाईत दोन्हींना ‘ऑप्शन’च म्हणतो, त्यामुळे हा घोळ वर्षानुवर्षं चालू आहे.

साधा फॉरवर्ड काय असतो हे गाठी, ढेप किंवा संत्रा बाहेर पाठवणाऱ्याला सांगायची गरज नाही. तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा दर आज ठरतो, त्या दिवशी तुम्ही डॉलर द्यायचे, बँकेने रुपये द्यायचे. आजचा दर ८५ आणि तीन महिन्यांचा ८५.४५ असेल, तर वरचे ४५ पैसे मुख्यतः भारत आणि अमेरिकेतल्या व्याजदरांच्या फरकातून आलेले असतात. “बँकेलाही वाटते डॉलर ८५.४५ होईन” असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडून डॉलरबद्दलचा दुसरा सल्लाही घेऊ नये.

आता ऑप्शन फॉरवर्ड. खरेदीदाराचे पैसे नेमके कोणत्या तारखेला जमा होतील हे निर्यातदाराला माहीत नसतं. म्हणून बँक एका तारखेऐवजी अवधी देते, उदाहरणार्थ १ ते ३१ जानेवारी. हा अवधी साधारण महिनाभराचाच असतो. त्यातल्या कोणत्याही दिवशी डॉलर आणून दिले तरी ठरलेलाच दर मिळतो. तुम्हाला निवड मिळते ती फक्त तारखेची. १ ते ३१ डिसेंबरमध्ये कधीही पन्नास क्विंटल सोयाबीन आणून टाकतो, असा व्यापाऱ्याशी भाव ठरवून सौदा केला, तर दिवस तुमच्या मर्जीचा असतो. सोयाबीन आणायचं की नाही, हे मात्र तुमच्या मर्जीवर नसतं. तसंच इथे आहे. या सोयीची किंमतही तुम्ही मोजलेली असते, ती दिसत नाही एवढंच. डॉलर प्रीमियमवर असताना, म्हणजे पुढचा दर आजच्यापेक्षा जास्त असताना (वरचे ४५ पैसे हाच तो प्रीमियम), निर्यातदाराला अवधीच्या पहिल्या दिवसापर्यंतचाच प्रीमियम मिळतो, आयातदाराकडून शेवटच्या दिवसापर्यंतचा घेतला जातो.

खरा करन्सी ऑप्शन वेगळा. निर्यातदार पुट ऑप्शन विकत घेतो. त्याचं शुल्क आजच भरायचं, ते परत मिळत नाही. बदल्यात मुदतीच्या दिवशी ठरलेल्या दराने डॉलर विकण्याचा हक्क मिळतो. बाजारात जास्त मिळत असतील तर बाजारात विका. माल गेलाच नाही, डॉलर आलेच नाहीत, तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. गेलं ते शुल्क.

हिशेब मांडल्याशिवाय हा फरक डोक्यात बसत नाही. २०० गाठींचा सौदा धरू. १७० किलोची गाठ म्हणजे ३४,००० किलो रुई, जवळपास ७५,००० पौंड. पौंडाला ८० सेंट भाव असेल तर साठ हजार डॉलर. तीन महिन्यांचा फॉरवर्ड वरच्याप्रमाणे ८५.४५, ८५ च्या पुट ऑप्शनचं शुल्क डॉलरमागे ६० पैसे, म्हणजे ३६,००० रुपये. हे दर समजण्यापुरते धरलेले आहेत.

माल व्यवस्थित गेला आणि डॉलर ८३ वर आला, तर फॉरवर्डवाल्याला ५१,२७,००० रुपये मिळतात. ऑप्शनवाल्याला शुल्क वजा जाता ५०,६४,०००. काहीच न केलेल्याला ४९,८०,०००. इथपर्यंत फॉरवर्ड सरस आहे, आणि लोकांचा हिशेब इथेच थांबतो.

आता सौदा फिसकटला असं धरा. ढाक्याच्या गिरणीने एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) उघडलीच नाही, किंवा नोव्हेंबरच्या पावसाने कापूस ओला आला आणि ओलावा-कचऱ्यावरून माल नाकारला गेला. त्याच वेळी डॉलर ८८ वर पोचलाय. बँकेला तुम्ही साठ हजार डॉलर ८५.४५ ने कबूल केलेत, आणि ते तुमच्याकडे नाहीत. मग बँक तो करार बाजारभावाने उलटवते: ८८ ने घेतलेले डॉलर ८५.४५ ला दिले असं धरून डॉलरमागे २.५५ रुपये, एकूण १,५३,००० रुपये तुमच्या खात्यातून वळते होतात. वर गाठी गोदामात पडून. ऑप्शनवाल्याचे ३६,००० गेले आणि विषय संपला. ऑप्शन फॉरवर्डवाला कुठे आहे? साध्या फॉरवर्डवाल्याच्या शेजारी, त्याच दीड लाखाच्या खड्ड्यात. ‘ऑप्शन’ या शब्दाने त्याचा एक पैसाही वाचवला नाही.

“मग पुढच्या महिन्यात ढकलून देऊ” हेही वाटतं तितकं सोपं नाही. जुन्याच दराने करार पुढे ओढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. आधी जुना आजच्या भावाने रद्द होतो, तोटा वसूल होतो, मग नव्या दराने नवा करार. मुदत उलटून गेली आणि तुम्ही काहीच कळवलं नाही, तर काही दिवसांत बँक स्वतःच रद्द करून तोटा तुमच्या नावे टाकते. पैसे लवकर आले तरी अवधीच्या आधी देताना फरकाचा हिशेब होतोच. आणि माल गेला पण दर्जाच्या दाव्यापोटी गिरणीने बिलातून तीन हजार डॉलर कापले, तर तेवढे डॉलर करारात कमी पडतात आणि तेवढाच भाग रद्द होतो. म्हणून बिलाच्या पूर्ण रकमेचा फॉरवर्ड करूच नये, तीन चतुर्थांश पुरे.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्याही पक्का सौदा वेगळा आणि बेभरवशाचा वेगळा अशीच विभागणी करतात. आधी आपल्याच देशोदेशीच्या शाखांची येणी-देणी एकमेकांत वळती करतात, उरलेल्यावरच बँकेकडे जातात. पक्की ऑर्डर असेल तर फॉरवर्ड. निविदा भरली आहे पण मिळेल की नाही ठाऊक नाही, अशा काळात ऑप्शन. अमेरिकेची औषध कंपनी मर्क १९८०च्या दशकाच्या अखेरीस परदेशातल्या पुढच्या काही वर्षांच्या विक्रीसाठी ऑप्शन वापरू लागली. ती विक्री पक्की नव्हती, अंदाजाची होती, आणि डॉलर कमजोर झाला तर होणारा फायदाही तिला सोडायचा नव्हता. आपल्याकडचं उदाहरण हवं तर संत्र्याचं घ्या. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीकडून तिकडे जाणारा माल आटला. असा माल हंगामाच्या आधीच फॉरवर्डमध्ये बांधणं म्हणजे दुसऱ्या देशाच्या अर्थमंत्र्यावर पैज लावणं.

माझं मत स्पष्ट आहे: एलसी हातात असेल तर फॉरवर्ड, नुसता फोनवरचा शब्द असेल तर ऑप्शन. ऑप्शन महाग म्हणून कुरकुरणारे फॉरवर्ड फुकट समजतात, पण बँक त्यासाठी तुमची कर्जमर्यादा अडवून ठेवते. विकत घेतलेल्या ऑप्शनला ती लागत नाही, कारण पैसे आधीच भरलेले असतात.

माल गेल्यावर, डॉलर चढलेला पाहून “फॉरवर्डमध्ये मार खाल्ला” म्हणणं हा आणखी एक वैताग. १९८५ साली लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने ५० कोटी डॉलरची बोइंग विमानं मागवली, वर्षभराने पैसे द्यायचे होते. तिला डॉलर विकत घ्यायचे होते, म्हणून तिचं तुमच्या उलट: डॉलर घसरला की बांधल्याचा पश्चात्ताप. अध्यक्ष हाइन्झ रुनाऊ यांनी निम्मे डॉलर ३.२ मार्कने (मार्क हे तेव्हाचं जर्मन चलन) बांधले, निम्मे मोकळे ठेवले. डॉलर २.३ मार्कपर्यंत घसरला आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पण डॉलर ४ मार्कवर गेला असता तर याच लोकांनी उरलेले निम्मे का नाही बांधले म्हणून विचारलं असतं. विमानं येणार हे नक्की होतं, म्हणून फॉरवर्ड पूर्ण करता आला. तुमच्या सौद्यात माल जाणार हेच नक्की नसतं, तेव्हा रुनाऊंचा दाखला देऊ नका.

“शून्य खर्चाचा ऑप्शन” विकायला कोणी आला तर चहा पाजून वाटेला लावा. त्यात तुम्ही एक ऑप्शन घेता आणि दुसरा नकळत बँकेला विकता. ते शून्य तिथून येतं. २००७-०८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपूर या कपडे निर्यातीच्या गावासह देशभरातल्या निर्यातदारांनी येन आणि स्विस फ्रँकला जोडलेले असे गुंतागुंतीचे करार केले, मोठा तोटा झाला, प्रकरणं कोर्टात गेली. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे (फॉरवर्ड, ऑप्शनसारख्या करारांचे) नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंडही केला.

शेअर बाजारातही रुपया-डॉलरचे ऑप्शन मिळतात, एक लॉट हजार डॉलरचा, हिशेब रुपयांतच. मात्र ३ मे २०२४ पासून तिथेही मागे खरा परकी चलनाचा व्यवहार असलाच पाहिजे. नुसत्या अंदाजावर खेळायची ती जागा नाही.

दोन्हींत ‘प्रीमियम’ हा शब्द येतो, तेवढा जपा: फॉरवर्डमध्ये तो तुम्हाला जास्तीचे पैसे म्हणून मिळतो, ऑप्शनमध्ये तुमच्या खिशातून जातो. बँकेचा करारकागद हातात आला की दोनच ओळी वाचा. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा आणि एक दर असेल, आणि खात्यातून त्या दिवशी ऑप्शनचं शुल्क कापलं गेलं नसेल, तर ते बंधन आहे. एक मुदतीची तारीख, पुट हा शब्द आणि त्याच दिवशी कापलेलं शुल्क असेल, तर तो हक्क आहे. कापल्याचा एसएमएस आला नसेल तर त्याच दिवशी शाखेत फोन करून विचारा.