संमोहन आणि शरीरसंवेदना

संमोहित अवस्थेतील सूचनांमुळे वेदना, उष्णता, स्पर्श यांसारख्या संवेदनांवर मेंदूत होणाऱ्या प्रक्रियेत पडणारा फरक. मुंबईतल्या मराठी माणसाला संमोहन बहुधा नाट्यगृहातल्या ‘हिप्नॉटिझम’च्या प्रयोगांमुळे माहीत असते. तिथे रंगमंचावर बोलावलेला प्रेक्षक कच्चा कांदा सफरचंद समजून खातो आणि सभागृह हसत सुटते. त्यातून संमोहन म्हणजे झोप किंवा सोंग, अशी समजूत पक्की झाली आहे. ती खरी नाही. संमोहित व्यक्ती जागीच असते. तिचे लक्ष एका ठिकाणी एकवटलेले असते.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग पिएर रेनव्हिल या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील माँट्रियल येथे केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. संमोहित व्यक्तींनी चटका बसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला. पाण्याचे तापमान तेच ठेवून, वेदनेचा त्रास वाढेल किंवा कमी होईल, एवढीच सूचना बदलली. मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या पेट चित्रणात अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या, वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या भागातील हालचाल त्रासाबरोबर कमीजास्त होताना दिसली. संवेदनेची नोंद घेणाऱ्या सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्समध्ये मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे चटका मेंदूपर्यंत पोहोचत होता, त्याची होरपळ बदलत होती. पुढे याच गटाने त्रासाऐवजी वेदनेच्या तीव्रतेबद्दल सूचना दिल्या, तेव्हा सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्सही बदलला. सूचनेत नेमके काय म्हटले आहे, यावर इतके अवलंबून असते.

उलट दिशेचा पुरावाही आहे. २००४ मधील एका अभ्यासात कोणताही चटका न देता केवळ सूचनेने वेदना निर्माण केली गेली. तेव्हा थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट हे वेदनेशी निगडित भाग जागे झाले. नुसती वेदनेची कल्पना केल्यावर तसे झाले नाही. मला हा निष्कर्ष सोंगाच्या आक्षेपाला दिलेले चोख उत्तर वाटतो. संमोहनाने वेदना शमते ती शरीरातल्या अफूसदृश रसायनांमुळे, असे म्हणावे तर ती रसायने निष्प्रभ करणारे नालोक्झोन हे औषध दिल्यावरही संमोहनाची वेदनाशामकता टिकते.

उपचारात याचा अर्थ सरळ आहे. परळच्या एखाद्या रुग्णालयात कुणी ‘पाय भगभगतो’ म्हणतो, कुणी ‘गुडघा ठणकतो’. पहिल्याला गारव्याची सूचना जवळची वाटेल, दुसऱ्याला ठणका दूर जात असल्याची. ती रुग्णाच्या रोजच्या बोलीत असलेली बरी.

सगळे सारखे संमोहित होत नाहीत. ही क्षमता मोजणाऱ्या स्टॅनफर्ड श्रेणी १९५९ पासून वापरात आहेत, आणि मोठेपणी ही क्षमता वर्षानुवर्षे बरीचशी स्थिर राहते. भारतात जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे संमोहनाच्या पूर्वरूपाचा, मेस्मेरिझमचा, आधार घेऊन शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतर लवकरच भूल देणारे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही वाट मागे पडली.

संमोहनाने वेदना शमली तरी तिचे कारण जात नाही. सुजलेले अपेंडिक्स सूजलेलेच राहते, म्हणून निदान झाल्याशिवाय पोटातली कळ सूचनेने दाबणे धोक्याचे आहे.