कोगनोळी नाक्यावरचा रिपोर्ट: सीमाभागातल्या साथ-नियमांची पार्श्वभूमी

मास्क लावा, हात धुवा, गर्दी टाळा, खिडक्या उघड्या ठेवा, ताप आला की घरात वेगळं राहा. या गोष्टी आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, त्यामुळे त्या इथे पुन्हा सांगत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी, कागवाड, अथणी या कर्नाटकातल्या सीमापट्ट्यात करोनाकाळात खरी डोकेदुखी झाली ती वेगळ्याच सूचनेची: महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याने आरटीपीसीआरचा, म्हणजे नाका-घशातल्या स्वॅबवरून होणाऱ्या करोना तपासणीचा, निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा. या सूचनेने इथल्या माणसांना मास्कपेक्षा जास्त छळलं.

साथ आली की वेशीवर माणूस अडवायचा, हे २०२० मध्ये सुचलेलं नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्लेग जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे. पण पुढे शंभरेक वर्षं प्रत्येक साथीला हाच कायदा पुरवला गेला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि कागल कोल्हापूर संस्थानात. म्हणजे निपाणी-कागल रस्त्यावरच्या कोगनोळीपाशी, जिथे आज कर्नाटकाचा नाका आहे, तेव्हाही हद्द होतीच, फक्त पलीकडे राज्याऐवजी संस्थान होतं. रेल्वेत प्रवाशांची तपासणी, संशयितांसाठी छावण्या, ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं उतरवणं, हे सगळं त्या काळात झालं. मद्रास इलाख्यात तर बाधित भागातून येणाऱ्याला प्लेगचा पासपोर्ट देऊन रोज हजेरी लावायला सांगत. लोकांनी आपला जुना उपाय केला. गाव सोडलं आणि शेतात झोपड्या घातल्या.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने नाक्याला संधीच दिली नाही. जूनमध्ये मुंबईत आलेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत खेडोपाडी पोचली, आणि मोकळ्या हवेत झोपा, गर्दीत जाऊ नका, याच्या पलीकडे कुणाकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. देवीच्या लशीची गोष्ट मात्र बेळगावची स्वतःची आहे. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज सकाळी फिरायला येणाऱ्यांचं मैदान म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वासरांवर देवीची लस तयार होत असे. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात नोंदवला गेला, आणि महामार्गाने जोडलेल्या या शहरांत तोंडाला रुमाल बांधलेली माणसं पहिल्यांदा दिसू लागली. पण सौम्य लक्षणांच्या रुग्णांची तपासणी करू नका, त्यांना घरीच राहू द्या, असं तेव्हाच्या सूचना स्पष्ट सांगत होत्या. निरोगी माणसाकडे प्रवासासाठी रिपोर्ट मागणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग २०२०. पहिल्या टाळेबंदीत गावोगावी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड पडले. सुरुवातीला स्वॅब बाहेरच्या शहरांत पाठवावे लागत. एप्रिलमध्ये बेळगावातल्याच एका केंद्रीय संशोधन संस्थेत तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे निकाल लवकर हाती येऊ लागले. १८ मे २०२० ला कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. नंतर प्रवेश मिळू लागला, पण महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी सात दिवस सरकारी विलगीकरण आणि पुढे घरी, असा नियम आला. बाकी बहुतेक राज्यांतून येणाऱ्यांना थेट घरीच राहायची मुभा होती. हातावर शाईचा शिक्का मारून घेतलेला माणूस स्वतःच्याच गल्लीत आरोपी ठरत असे. २४ ऑगस्टला नोंदणी, शिक्के आणि विलगीकरण एकदमच रद्द झालं, कारण आंतरराज्य ये-जा अडवू नका असं केंद्राने दोनच दिवस आधी राज्यांना लिहून कळवलं होतं.

एप्रिल २०२० मधला कर्नाटकाचा साथरोग अध्यादेश, ज्याचा पुढे त्याच वर्षी कायदा झाला, तो या ठिकाणी महत्त्वाचा आहे. त्यात राज्याच्या सीमा ठरावीक काळ बंद करण्याचा अधिकार सरकारला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. नाक्यापलीकडे महाराष्ट्रात अजून १८९७ चाच कायदा लागू होता. सीमा बंद करण्याचा वाद मंगळूर-कासरगोड बाजूला न्यायालयात गेला आणि तातडीच्या रुग्णांना सोडण्याची व्यवस्था ठरली. आपल्याकडे तसं काही झालं नाही. मिरजेच्या दवाखान्यांवर अवलंबून असलेली अथणी-कागवाडची घरं, आणि बेळगावच्या दवाखान्यांकडे येणारे चंदगडचे पेशंट, यांनी ज्याची त्याची वाट काढली.

रिपोर्टची अट आली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. बहात्तर तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा. बसमध्ये तो बघायची जबाबदारी कंडक्टरवर. हे बहात्तर तास मोजायचे स्वॅब दिल्याच्या वेळेपासून, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. लाटेच्या दिवसांत प्रयोगशाळेवर ताण असला की सोमवारी सकाळी दिलेल्या स्वॅबचा निकाल बुधवारी संध्याकाळी येई आणि गुरुवारी सकाळी तो कागद बाद. नाक्यावरचा पोलिस मोबाइलवरची पीडीएफ दोन बोटांनी मोठी करून नेमकी तीच ओळ बघे. शिनोळी नाक्यावरून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा चंदगडचा कामगार हा हिशेब रोज कसा सांभाळणार? म्हणून रोज ये-जा करणाऱ्यांना पंधरा दिवसांतून एक तपासणी पुरेल, अशी सवलत पुढे आली. सवलत चांगलीच होती. पण रोज येणारा तुम्ही हे सिद्ध कशावर करणार, हा प्रश्न प्रत्येक वेळी नाक्यावरच सुटायचा किंवा अडकायचा.

१२ मे २०२१ ला महाराष्ट्रानेही तसंच केलं, उलट जास्त कडक: राज्यात येणाऱ्या प्रत्येकाकडे ४८ तासांच्या आतला रिपोर्ट हवा. म्हणजे निपाणीहून कागलला जाताना ४८ आणि परत येताना ७२. दुकानांच्या वेळाही जुळत नव्हत्या. इकडे सकाळी सहा ते दहा, तिकडे सात ते अकरा.

जूनअखेर कर्नाटकाने अट सैल केली. लशीचा एक डोस घेतल्याचं सर्टिफिकेट असलं तरी चालेल. लोकांना वाटलं, सुटलो. ३१ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने ते मागे घेतलं: महाराष्ट्र आणि केरळमधून येणाऱ्याला, दोन्ही डोस झालेले असले तरी, निगेटिव्ह रिपोर्ट लागेलच. दोन वर्षांखालची मुलं, आरोग्य कर्मचारी आणि घरात मृत्यू किंवा उपचारासाठी तातडीने निघालेले, यांना सूट. पाठोपाठ ऑगस्टमध्ये सीमेवरच्या आठ जिल्ह्यांना वीकेंड कर्फ्यू लागला, त्यात बेळगावही होता. रामदुर्गसारखा तालुका महाराष्ट्राच्या हद्दीपासून कितीतरी लांब, पण जिल्हा एक म्हणून तोही बंद.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. कोल्हापूर जिल्हा जूनमध्ये महाराष्ट्राच्याच पाच टप्प्यांच्या वर्गवारीत चौथ्या, म्हणजे कडक निर्बंधांच्या टप्प्यात होता, आणि डेल्टा विषाणू लस घेतलेल्यालाही लागण करत होता. लस गंभीर आजार टाळते, संसर्ग पूर्ण थांबवत नाही, हे तोवर स्पष्ट झालेलं होतं. पण त्याच तर्काने बेळगावहून हुबळीला जाणाऱ्याकडेही रिपोर्ट मागायला हवा होता. तीन दिवसांपूर्वीच्या निगेटिव्हचा आज काय उपयोग, हाही प्रश्न उरतोच. शिवाय १७ एप्रिलला, दुसरी लाट चढत असताना, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती आणि प्रचाराच्या सभांना अंतर-बिंतर कुणी पाळलं नव्हतं. ३ सप्टेंबरला बेळगाव महापालिकेसाठीही मतदान झालं. प्रचाराला माणसं चालतात, मग बहिणीच्या घरी जाणाऱ्यालाच कागद का, हे लोक उघड बोलत. सीमाभागात असा प्रश्न फार काळ आरोग्याचा राहत नाही; बेळगाव कुठल्या राज्यात असावं या १९५६ पासूनच्या वादाची आठवण लगेच जागी होते, आणि सरकारने ती जागी होऊ नये म्हणून फार काही केलं असंही नाही.

भाषेचाही भाग यात होता. जिथे एखादा अल्पसंख्य भाषिक गट १५ टक्क्यांच्या वर आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्याच्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांना दिलेलं जुनं आश्वासन आहे. प्रत्यक्षात परिपत्रकं कन्नडमध्ये, क्वचित इंग्रजीत. मराठीत सूचना मिळत त्या मुंबईच्या वाहिन्यांवरून, आणि त्या महाराष्ट्राच्या असत. खानापुरातलं कुटुंब रात्री टीव्हीवर ‘माझं कुटुंब, माझी जबाबदारी’ ही महाराष्ट्राची घोषणा ऐके, पण त्या घरोघरी तपासणीच्या मोहिमेचं पथक त्याच्या दारात कधी येणार नव्हतं. उलट मास्क नसल्याचा दंड कर्नाटकाच्या दराने भरावा लागे: शहरात आधी १,००० आणि ऑक्टोबर २०२० पासून २५० रुपये. स्थानिक मराठी दैनिकं आणि व्हॉट्सअॅपवर भाषांतर करून टाकणारे शिक्षक, यांच्यावरच बहुतेकांची भिस्त होती.

लशीने मात्र हद्द मानली नाही. स्वदेशी लशीच्या पहिल्या मानवी चाचण्यांसाठी २०२० मध्ये देशभरातली जी बारा ठिकाणं निवडली, त्यांत बेळगावचं एक रुग्णालय होतं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या लशीचा पहिला साठा बेळगावच्या विभागीय भांडारात पोचला.

२०२२ च्या सुरुवातीला, ओमिक्रॉनची लाट ओसरताना, महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठीची रिपोर्टची अट उठली. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ या करोनाच्या नव्या उपप्रकाराच्या बातम्यांनंतर कर्नाटकाने साठीपुढच्या आणि जुने आजार असलेल्या लोकांना मास्क वापरायला सांगितलं आणि सीमावर्ती जिल्ह्यांत देखरेख वाढवली. आंतरराज्य प्रवासावर बंदी घातली नाही. सीमा बंद करण्याचा अधिकार देणारं ते कलम अजून कायद्यात आहे.