पत्र्याखालची आयसी आणि शंभर रुपये

लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने हॉट एअर मारून माझ्या फोनच्या बोर्डावरचा पत्रा उचलला. खाली नखाएवढा काळा चौकोन. ‘ही आयसी, म्हणजे चिप, गेली तर फोन गेला, साहेब.’ त्या चौकोनात सिलिकॉनसोबत बऱ्याच कंपन्यांचे हक्कही दाटीवाटीने बसलेले असतात, हे त्याला सांगायचा मोह मी आवरला.

लोकलमध्ये बोलताना सिग्नल पडला की पलीकडचा आवाज पिचका होतो, पण बोलणं लगेच तुटत नाही. ही एएमआर नावाच्या युक्तीची करामत. जीएसएम या मोबाइलच्या जुन्या, टू-जी तंत्राच्या एका वाहिनीत सेकंदाला २२.८ किलोबिट मावतात. सिग्नल ठणठणीत असेल तर त्यातले १२.२ आवाजाला मिळतात आणि उरलेले वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करायला. सिग्नल खालावला की आवाजाचा वाटा पार ४.७५ पर्यंत उतरतो आणि सुटलेली सगळी जागा दुरुस्तीकडे जाते. आवाज बिघडतो तो मुद्दाम, शब्द पोचावेत म्हणून.

एएमआरवरची काही पेटंट एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीची. युक्ती मानकातच, म्हणजे सगळ्या फोनांनी पाळायच्या ठरलेल्या तांत्रिक नियमांतच, असल्याने ती वगळून फोन बनवता येत नाही. म्हणून अशा पेटंटचा परवाना वाजवी दरात, भेदभाव न करता देण्याचं वचन मालकाने द्यायचं असतं. वाजवी म्हणजे किती? भांडण तिथेच.

डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या फोनची विक्री थांबवली. क्वालकॉम या अमेरिकी कंपनीच्या आमच्या चिपला एरिक्सनचा परवाना आहे, असं शाओमीने सांगितलं. मग काही दिवसांतच क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना, दर फोनमागे १०० रुपये जमा करण्याच्या अटीवर, तात्पुरती मुभा मिळाली. मीडियाटेक या दुसऱ्या कंपनीची चिप असलेले अडकूनच राहिले. खोक्यावरचं नाव एकच, पत्र्याखालचा चौकोन तेवढा वेगळा.

पण चिप घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. खुद्द क्वालकॉम फोन कंपन्यांना चिप विकते ती वेगळी आणि आपल्या पेटंटचा परवाना देते तो वेगळा. रॉयल्टी, म्हणजे त्या परवान्याचं शुल्क, तीही फोनच्या किमतीवर. कुलूपवाल्याने फ्लॅटच्या किमतीवर टक्के मागावेत, तसं मला हे वाटतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये याविरुद्ध खटला भरला, २०१९ मध्ये जिंकलाही, पण २०२० मध्ये अपिलात तो हरला.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा या भारतीय फोन कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. त्या दाव्यातली काही पेटंट याच पिचक्या आवाजाची होती.