पुनर्विकासाचा अर्ज झाडं, पाणी आणि राडारोड्यापाशी का अडकतो

मुंबईत सोसायटीचा पुनर्विकास म्हटलं की सभेतली सगळी चर्चा कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ), कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि काम चालू असतानाचं भाडं यांवरच होते. झाडं, पाणी, गटार, राडारोडा हे विषय "ते बिल्डर बघेल" म्हणून बाजूला पडतात. अर्ज विकासकच करतो, हे खरं. पण तो अर्ज अडकला की खोल्या रिकाम्या करून बाहेर पडलेले सभासदही अडकतात. त्यामुळे विकास करारावर सह्या होण्याआधीच कमिटीने काही गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात.

पर्यावरण मंजुरी लागते का?

14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पूर्वमंजुरी लागते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कमिटीला सांगितलं जातं, "आपला एफएसआय पंधरा हजारच आहे, काळजी नको." पण इथे एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मंजूर होणारं बांधकाम, मोजतच नाहीत. सगळ्या मजल्यांचं बांधकाम, तळघर आणि सेवांसाठीच्या जागा धरून एकूण बेरीज होते. पार्किंगचे मजले, जिने, लिफ्ट, रेफ्युज (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी ठेवलेली जागा) धरले की पंधरा हजारांचे वीस हजार कधी होतात ते कळतही नाही. आर्किटेक्टकडून एफएसआयचा तक्ता नको, एकूण बांधकाम क्षेत्राचा लेखी तक्ता मागा. एकाच भूखंडावरचा प्रकल्प दोन तुकड्यांत दाखवून आकडा खाली आणायची युक्ती कोणी सुचवली, तर तिथेच नाही म्हणा.

मंजुरी लागत असेल तर ती हातात येईपर्यंत जागेला कुंपण घालण्यापलीकडे काही करता येत नाही. "नुसतं खोदकाम सुरू करू" हेही उल्लंघनच.

अर्ज केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर होतो. आधी राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती तपासते, मग राज्याचं प्राधिकरण निर्णय देतं. समितीला 60 दिवस, प्राधिकरणाला 45, मिळून 105 दिवस. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि जवळपास सगळेच तो चुकीचा मोजतात. हे दिवस अर्ज भरल्यापासून नाही, परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून धरतात. एखादा कागद कमी म्हणून शेरा आला की मोजणी तिथेच थांबते. भाड्याचे महिने या 105 दिवसांवर ठरवू नका.

शेरे बहुतेक ठरलेले असतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पर्जन्यजल वाहिनी, राडारोडा आणि झाडं यांची ना हरकत पत्रं, सोबत अग्निशमन दलाचं पत्र. यातली प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीचा कागद आधी मागते. समितीला झाडांचं पत्र हवं असतं, झाडवाल्यांना मंजूर नकाशा हवा असतो, आणि नकाशा बदलला की पाण्याची मागणी पुन्हा काढावी लागते. ही साखळी कोणी आखली असेल तर त्याने स्वतः एकदा अर्ज भरून पाहावा. यावर उपाय एकच. नकाशा गोठवल्याशिवाय एकाही खात्यात जायचं नाही, आणि सगळीकडे सदनिकांची संख्या, लोकसंख्या व पाण्याची मागणी यांचे तेच आकडे द्यायचे. दोन पत्रांत दोन वेगळे आकडे दिसले की फाइल परत आलीच म्हणून समजा.

आणखी एक अडचण बागेची. मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर, दाखवून काम भागतं असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2013 च्या निकालापासून जमिनीवरच्या खऱ्याखुऱ्या मातीतल्या जागेबद्दल प्रश्न विचारला जातोच. रंगीत ब्रोशरमध्ये हिरवळ कितव्या मजल्यावर आहे, ते जरूर बघा.

झाडाचं वय सांगणारा कागद

हा कागद कोणाकडेच नसतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची हे त्याच्या वयावरून ठरू लागलं. सोसायटी 1970 च्या आसपासची असेल, तर स्थापनेच्या वेळी लावलेला आंबा आज या व्याख्येत बसतो. वय बहुधा जात आणि खोडाचा घेर पाहून अंदाजाने काढतात. जुन्या सभांची इतिवृत्तं, बांधकामाच्या वेळचे फोटो, जुना नकाशा, जे असेल ते जोडा. सल्लागाराने सगळ्या झाडांपुढे सरसकट "20 वर्षे" लिहिलं असेल तर सही करू नका. तपासणीला येणारा माणूस खोड बघतो.

यादीत प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर, फोटो आणि तोडणार, हलवणार की राखणार हे लिहायचं, आणि तोच क्रमांक नकाशावर टाकायचा. भिंतीतून उगवलेला पिंपळ आणि कुंपणापलीकडे मूळ असलेला शेजाऱ्यांचा नारळ यांमुळे मोजणी हमखास चुकते. मध्यंतरी पावसात एखादं झाड पडलं तर लगेच उद्यान खात्याला कळवून पोच ठेवा, नाहीतर कमी भरलेलं झाड तुम्ही गुपचूप तोडलं असाच अर्थ निघतो. झाडावर नोटीस लागली म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. ती नोटीस हरकती मागवण्यासाठी असते.

खाडीजवळचा भूखंड असेल तर सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नकाशा आणि खारफुटीपासूनचं अंतर सगळ्यात आधी तपासा.

पाडकाम

राडारोडा कुठे टाकणार त्या जागेचं संमतीपत्र आणि वाहतुकीची व्यवस्था आधी दाखवावी लागते. धुळीसाठी पालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या सूचना आहेत. एक एकरापेक्षा लहान भूखंडाला किमान 25 फूट उंच पत्रे, मोठ्याला 35 फूट, शिवाय पाण्याचे फवारे.

वीज आणि गॅसची जोडणी कायमची बंद करायचा अर्ज प्रत्येक ग्राहकाने करायचा असतो. निम्म्या घरांत वीजबिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं, आणि मग अनामत परत मिळत नाही. नावबदल खोली सोडण्याआधीच करून घ्या. नव्या इमारतीचा वीजभार मोठा असतो, त्यासाठी वीज कंपनी बहुधा उपकेंद्राला जागा मागते. ती जागा करारासोबतच्या नकाशात दाखवून घ्या. पुढे ढकलली तर ती तुमच्या पार्किंगमधूनच कापली जाते.