गरोदरपणात डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय? "पित्त झालंय" म्हणून सोडून देऊ नका

आपल्याकडे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, की दिवस गेल्यावर डोकं दुखलं तर पित्तच असणार, आणि अंधुक दिसलं तर नंबर वाढला, जा चष्मा बदल. दोन्ही अर्धवट आहे.

पहिल्या तीन महिन्यांत हार्मोन्स बदलतात, रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, त्यात उलट्यांमुळे पाणी कमी पडतं, झोप नीट नाही, चहा एकदम बंद केलेला, मग डोकं दुखणारच. पुढे शरीरात पाणी साठतं तसा डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदाही किंचित सुजतो, म्हणून नंबर थोडा हलतो, लेन्स टोचतात. हे बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत पूर्ववत होतं, त्यामुळे नवीन चष्म्याची घाई नको आणि नंबर घालवायचं लेसर तर अजिबात नको.

पण डोळ्यांसमोर काजवे चमकणं, एकाचे दोन दिसणं, अचानक दिसेनासं होणं, न थांबणारी डोकेदुखी, हे पित्त नाही गं! २० आठवड्यांनंतर असं झालं तर प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) असू शकतो, त्यामुळे अशी लक्षणं दिसली किंवा नुसतं बीपी १४०/९० वा जास्त आलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हा धोका असतो, हे तर घरात कोणाच्या लक्षातच नसतं. २० आठवड्यांच्या आधी झालं तरी थांबायचं नाही, मायग्रेन असेल, आधीपासूनचं बीपी असेल, क्वचित मेंदूच्या शिरेत गुठळीही असते. आणि डोकं दुखलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालते पण तीही डॉक्टरांना विचारूनच.