भूजल व्यवस्थापन, गावपातळीवरील (विदर्भ)

विहिरी आणि बोअरचे पाणी पुढच्या पिढीलाही पुरावे म्हणून गावाने, किंवा एकाच नाल्याच्या पाणलोटातल्या गावांनी मिळून, उपशाला घातलेली शिस्त आणि केलेले पुनर्भरण म्हणजे गावपातळीवरील भूजल व्यवस्थापन. विदर्भात पुनर्भरणाची कामे पुष्कळ झाली. उपशाला शिस्त लावण्याचे काम मात्र फारसे झाले नाही, कारण त्यात शेजाऱ्याचे मन दुखावते.

पश्चिम विदर्भ आणि वर्धा-नागपूरचा बराच भाग बेसॉल्टवर वसलेला आहे. त्यातला वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर जेवढे पाणी धरेल तेवढीच गावाची शिल्लक. त्याखालच्या काळ्या पाषाणात फटी सापडल्या तरच पाणी. सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, ती याच कारणाने. अशा वेळी शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारतो, नाहीतर वावरात उभे. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ही बोअर शेकडो फूट खाली गेली आहेत.

या पट्ट्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एका हेक्टरवर ८०० मिमी पाऊस पडला तर ८० लाख लिटर पाणी होते. भूजल अंदाजाच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे मुरमाड बेसॉल्टमध्ये त्यातले सुमारे ७ टक्के मुरते, म्हणजे साडेपाच लाख लिटरच्या आसपास. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात. फळावरच्या झाडाला उन्हाळ्यात रोज शंभरेक लिटर पाणी लागते असे धरले, तर तीन महिन्यांत बाग २५ लाख लिटर पिते. त्यामुळे एक हेक्टर संत्रा हा आजूबाजूच्या चार-पाच हेक्टर कोरडवाहू वावरात मुरलेल्या पाण्यावर जगतो. कोरडवाहूवाल्याला त्याचे काही मिळत नाही.

म्हणूनच इथे संत्र्याचा बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, कोणता धरायचा हा भूजलाचाही प्रश्न आहे. मृग बहाराला एप्रिल-मे महिन्यांत ताण द्यायचा, म्हणजे फुले यावीत म्हणून झाडाचे पाणी तोडायचे असते, त्यामुळे नेमके टंचाईच्या दिवसांत ओलीत थांबते. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीतच संपतो आणि पुढे पाऊस येईपर्यंत बाग ओलवावी लागते. पण पाऊस लांबला की मृग फुटत नाही, तेव्हा आंबियाकडे वळणाऱ्याला दोष कसा द्यावा?

पाण्याच्या ताळेबंदाची, म्हणजे किती मुरले आणि किती उपसले या हिशेबाची, सुरुवात साध्या मोजणीने होते. गावात पर्जन्यमापक बसवतात. ठरलेल्या काही विहिरी निवडून, मोटर काही तास बंद ठेवून, कठड्यावरच्या खुणेपासून वजन बांधलेली टेप पाण्याला टेकेपर्यंत सोडतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा घेते. त्यातला ऑक्टोबरचा आकडा गावाच्या सर्वांत कामाचा, कारण रब्बीत गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचे हे त्यावरून ठरवता येते. तो ग्रामसभेच्या फळ्यावर वेळेत लागला तरच. डिसेंबरात लागला तर पेरा होऊन गेलेला असतो. २०१९ अखेर सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत असा ताळेबंद मांडण्यावर भर होता. २०१४ अखेरच्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण आणि बंधारे यांचा जोर होता, आणि खोदलेला नाला फोटोत चांगला दिसतो.

कायदा आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन आणि पाणलोट समित्यांची तरतूद आहे. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळपर्यंत निघून जाते. तिला अडवायचे तर गावातच एकी लागते.

पूर्व विदर्भातली गोष्ट निराळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले हजारो तलाव आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. धानाला पाणी देता देता ते खालच्या विहिरीही जिवंत ठेवतात. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर मालकी सरकारकडे आली आणि गाळ काढण्याची, पाळ सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे सैल झाले.

पाणी आहे पण चालत नाही, अशीही गावे आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याचे भूजल खारट आहे. ते ओलिताला वापरले की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते, म्हणून तिथे विहिरीपेक्षा शेततळ्यात धरलेले पावसाचे पाणी बरे. यवतमाळच्या केळापूर, झरी जामणी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. तिथे पिण्यासाठी उथळ विहीर राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे. वणी-घुग्गुसच्या कोळसापट्ट्यात उघड्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी सतत पाणी उपसावे लागते, आणि त्या उपशावर शेजारच्या गावाच्या ताळेबंदाचे काही चालत नाही.